भूर्जाची साखर

शाळेत जेवण झालं की दोन गोळ्या मिळतात,
पांढऱ्या, गार चवीच्या.
दात किडू नयेत म्हणून.
मलाही मिळायच्या.
भूर्जाच्या लाकडातली साखर ही, बाई सांगायच्या,
आणि आम्हाला आपलं बरं वाटायचं.
दारातलंच झाड.
चुलीत त्याचंच सरपण,
सौनात पाठीवर त्याच्याच डहाळ्यांच्या जुड्या,
आजोबांची स्कीसुद्धा त्याचीच.
त्याच्यापासून काही वाईट होईल
असं कुणाच्या मनात येणार?

मी शाळेची टॅक्सी चालवते,
सुओमुसाल्मीच्या वर, सहा मुलं.
सगळ्यात शेवटी उतरतो वेइक्का.
सात वर्षांचा, पुढचे दोन्ही दात पडलेले.
तो आपल्या गोळ्या खात नव्हता.
हातमोज्याच्या अंगठ्यात ठेवत होता,
सोमवारपासून, रोज दोन.
शुक्रवारी हाल्लाचा वाढदिवस.

हाल्ला म्हणजे
भर उन्हाळ्यात पिकावर पडतं ते दहिवर.
कुत्री करडी आहे, म्हणून.

त्या रात्री बाप खाणीवर, आई औलूला, बाळंतपणात.
फोन मला आला.
"ती उभी राहत नाहीये," एवढंच म्हणाला.

कायानीपर्यंत एकशे दहा किलोमीटर,
उणे सव्वीस,
आणि रस्त्यात रेनडिअर,
दिव्यांकडे बघत, हलायचं नाव नाही.
फोनवर डॉक्टरीणबाई विचारत होत्या,
कांदा खाल्लाय का? नाही.
चॉकलेट? नाही.
बेदाणे?
"बेदाणे विषारी असतात," मागून वेइक्का म्हणाला,
जरा रागावूनच.
"नाताळच्या पावातले मी सगळे वेचून काढले होते."
यादी त्याला तोंडपाठ होती.
मग गप्प.
मग हातमोजा उलटा करून दाखवला मला,
आरशात.

माणसाला ही साखर चालते, बाई म्हणाल्या.
कुत्र्याचं रक्त भाबडं.
गोड आलं असं वाटून
अंगातली खरी साखर घाईघाईनं कोठारात लोटतं
आणि मग स्वतः रिकामं पडतं.
हिरड्यांना मध चोळा. आहे?
नव्हता.
थर्मासात कॉफी होती. कॉफी नको, तीही विषच.
खणात पेट्रोलपंपावरचे साखरेचे खडे होते,
कागदात गुंडाळलेले, कधीचे कोण जाणे.

गाडी थांबवली.
त्याला म्हटलं, बर्फ घे, खडे घे, मूठ मिटून बस.
तो बसला.
मुठीतून पाणी ठिबकेपर्यंत हूं की चूं नाही,
मग बोटानं तिच्या हिरड्यांवर,
गालाच्या आतून, जिभेखाली,
पुन्हा बर्फ, पुन्हा खडा.
बोटं लालभडक झाली होती.
मी हीटर वाढवला आणि पुढचं काही बोलले नाही.
काय बोलणार? गोडानं मारलं, गोडानंच तार, असं?
पुओलांकाच्या फाट्याजवळ
तिनं त्याचं बोट चाटलं.
एकदाच. त्यानं मला सांगितलं नाही,
मला मागचा श्वास बदललेला कळला.

तीन दिवस सलाईन. यकृत वाचलं.
बिलाचा आकडा बापानं कुणाला सांगितला नाही,
मोटरस्लेज मात्र विकायला काढली.

आता दुपारी घराच्या वळणावर
वेइक्का म्हणतो, थांब जरा.
दारापासून पन्नास पावलांवर उतरतो.
हातमोजे काढतो, उलटे करून झटकतो,
बर्फानं तळवे घासतो, दोन्ही बाजूंनी,
ऑपरेशनला जाणाऱ्या माणसासारखे.
मग जातो.

हाल्ला धावत येते.
तिला काही आठवत नाही,
आठवतो तो फक्त गार गोड वास,
अंगठ्याच्या टोकाशी असायचा तो.
ती तिथेच हुंगते, आधी हात, मग खिसा,
मग पुढचे पाय त्याच्या छातीवर ठेवून
तोंड.

तो ओठ घट्ट मिटून उभा राहतो.
नव्यानं उगवणारा दात आतून टोचत असेल.
मी गाडी सुरू ठेवून बघत बसते,
तो मान वळवेपर्यंत.